न धुतलेली कासंडी

मित्रांनो, माझ्या खांद्यावर बारीक टिंबांनी एक ओळ कोरलेली आहे : 'चि. सौ. कां. चांगुणा हीस मामाकडून, सन १९४९.' मी एक जुनी पितळी कासंडी आहे आणि माझे वय माझ्या अंगावरच लिहिलेले आहे. माझे पोट गोल, मान आखूड आणि तोंड अरुंद. दूध काढावे, दूध पोचवावे आणि वाटेत थेंब सांडू देऊ नये, एवढ्यासाठीच मला घडवले. आज मी बेलापूरच्या शिवारात, पाटाच्या कडेच्या एका वस्तीवर, चुलीमागच्या फळीवर असते. मधली चार वर्षे मात्र मी नगरच्या कोर्टात होते. तिथे माझे नाव कोणी घेत नसे. मला नंबर होता.

नगरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. त्याच्या हातोडीचे ठसे अजून माझ्या पोटावर हाताला लागतात. नाव घालणारा म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसे. त्याने मला मांडीवर घेतले आणि चांगुणाचे नाव टोचले. मग मी रुखवतात बसले आणि बैलगाडीतून या वस्तीवर आले.

चांगुणा मला गुडघ्यांत धरून म्हैस पिळायची. पहिली धार पडली की मी खणखणीत वाजायची. दूध चढत गेले की माझा आवाज मऊ होत जायचा. काम झाले की राख आणि चिंच लावून ती मला घाशी आणि उन्हात पालथी ठेवी. येणारीजाणारी बाई हमखास म्हणायची, "बाई, कासंडी हाय का आरसा?" तिचा नवरा वारला, तेव्हा कोणीतरी सुचवले की कासंडीवरचे ते 'सौ.' आता घासून टाक. ती म्हणाली, "मामानं दिलं तवा हुते की मी." अक्षर तसेच राहिले.

वस्तीवर घरे दोनच. एका घरात चांगुणा एकटी. समोरच्या घरात तिचा धाकटा दीर गोरक्ष, त्याची बायको राहीबाई, मुलगा कानिफ आणि त्याची आई झुंबरबाई, दोघी जावांची सासू. गोरक्षची थोरली मुलगी मुक्ता लग्न होऊन श्रीरामपूरला गेली होती. दोन घरांच्या मध्ये एक कडुलिंब आणि एक सामाईक विहीर. त्या विहिरीच्या मोटारीच्या पाळीवरून दोघी जावांचे वाजले आणि बोलणे बंद झाले. "तुमच्या घरचं पानीसुदिक तोंडात घ्यायची न्हाई," असे राहीबाई भर दुपारी अंगणात म्हणाली होती. दोन वर्षे तिने ते पाळले. झुंबरबाई मात्र रोज काठी टेकत दोन्ही घरी जायची. तिला दोन्ही घरचा चहा लागे.

याच झुंबरबाईने एक गोष्ट मनात धरली होती. तिच्या नावावरच्या जमिनीतला अर्धा तुकडा थोरल्या सुनेच्या नावे करायचा. थोरला मुलगा गेला म्हणून त्याची बायको उघड्यावर पडू नये, असे तिचे म्हणणे. येत्या सोमवारी दस्त करायला तालुक्याला जायचे ठरले होते. गोरक्ष यावर काहीच बोलला नाही. तो मुळात कमीच बोलायचा.

त्याच आठवड्यात चांगुणाची म्हैस व्याली. साल एकाहत्तर, नुकतीच थंडी ओसरत होती.

मित्रांनो, आता आमच्या वस्तीची एक रीत सांगते. म्हैस व्याली की पहिला चीक भाऊबंदांकडे पोचवायचा, खरवसासाठी. ज्यांच्या घरी चीक जातो, त्यांनी ते भांडे धुवायचे नाही. चिकाचे बोट लागलेले तसेच ठेवायचे, त्यात मूठभर धान्य आणि गुळाचा खडा घालायचा आणि मग परत करायचे. भांडे धुतले तर म्हैस आटते, असे बाया मानतात. खरे-खोटे मला ठाऊक नाही. पण ज्याने धान्य घातले, त्याच्या मनात काही उरले नाही, असा त्याचा दुसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

चांगुणा मला घेऊन समोरच्या ओट्यापाशी गेली आणि उभी राहिली. राहीबाई दाराशी आली. तिने मला पाहिले, मग जावेला.

"दोन वर्सांनी वाट गावली व्हय?"

"म्हशीला गावली," चांगुणा म्हणाली, "मंग मलाबी गावली."

आतून झुंबरबाई हसल्याचा आवाज आला. राहीबाईने हात पुढे केले आणि मला घेतले. चांगुणा ओट्यावरूनच परतली. ती आत आली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याला फार महत्त्व आले.

राहीबाईने चीक पातेल्यात ओतला, गूळ कालवला, जायफळ उगाळून घातले आणि पातेले चुलीवर ठेवले. मग तिने कणगीतून ज्वारीची मूठ भरली आणि माझ्यात सोडली. "मूठ नीट भर. चिमटी नगं," सासू म्हणाली. राहीबाईने आणखी एक मूठ घातली, वर गुळाचा खडा ठेवला आणि मला कोनाड्यात बसवले. माझ्या आतला चीक अजून ओला होता. दाणे त्याला चिकटून बसले.

राहीबाई शेणी आणायला मागे गेली. झुंबरबाई ओट्यावर उन्हात बसली होती. तेवढ्यात गोरक्ष आत आला. त्याच्या हातात कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली होती. त्याने पातेल्याचे झाकण काढले आणि परत ठेवले. जाताना त्याची नजर कोनाड्याकडे गेली. त्याला माझ्यावरचे नाव दिसले असावे. मी सगळे पाहिले. पण भांड्याचे तोंड बोलायला नसते.

त्याचा हिशोब असा होता, हे पुढे कळले. म्हातारी खरवस सोडणार नाही. राहीबाई जावेच्या घरचे खाणार नाही. कानिफ उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेला होता, तो दुसऱ्या दिवशीच येणार. दोष सगळा चांगुणावर जाईल. माणसांच्या वैरावर त्याचा पक्का भरवसा होता.

पण कानिफचा बैल वाटेत लंगडला आणि तो दुपारीच परत येऊन खरवस खायला बसला; गोरक्ष तेव्हा रानात होता. आणि राहीबाईने सासूला वाढून झाल्यावर आपल्यासाठीही एक वडी घेतली. खाण्याआधी ती ताटलीकडे जरा वेळ बघत बसली होती. मग ती म्हणाली, "बाईच्या म्हशीचा चीक घट हाय." दोन वर्षांत जावेच्या घरच्या वस्तूविषयी तिने बोललेला तो पहिला चांगला शब्द. तो शेवटचाही ठरला.

त्या दुपारचे मी सांगत नाही. टेम्पोतून तिघांना श्रीरामपूरला नेले. दिवस मावळायच्या आत झुंबरबाई, राहीबाई आणि कानिफ, तिघेही गेले होते.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. मुक्ता रात्रीच सासरहून येऊन पोचली होती. ती वीस वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली, पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी नव्हते. बाया ओटाभर बसल्या होत्या. पंच म्हणून गावातले दोघे बोलावले होते, ते कडुलिंबाखालीच थांबले. दुसऱ्याच्या घरच्या चुलीपर्यंत जाणे त्यांना बरे वाटेना. म्हणून भांडी बाहेर आणायचे काम मुक्तावर आले. तिने पातेले आणले, ताटल्या आणल्या आणि शेवटी मला आणले.

फौजदारांनी माझ्यावरचे नाव वाचले. मग विचारले, ही घासलेली आहे का?

मुक्ताने माझ्यात वाकून पाहिले. वाळलेला चीक, त्याला चिकटलेली ज्वारी, गुळाचा खडा. तिला सगळे दिसले आणि सगळे समजले. पण समोर परका माणूस कागद-टाक घेऊन बसला होता. रीत ही घरातली गोष्ट. त्या कागदावर 'खरकटे' असा शब्द पडला असता आणि आईच्या नावापुढे कायमचा राहिला असता. आईला जाऊन एक दिवससुद्धा झाला नव्हता.

"व्हय," मुक्ता म्हणाली. "माझी आई भांडं घासल्याबिगर ठेवत न्हवती."

ओट्यावरच्या बायांनी माना हलवल्या. फौजदारांनी लिहिले : 'एक पितळी कासंडी, स्वच्छ, आत ज्वारी व गूळ.' कडुलिंबाखालच्या पंचांनी सह्या केल्या. मला कापडात बांधून लाखेचा शिक्का मारला. त्या क्षणापासून मी मुद्देमाल नंबर तीन झाले. आणि चांगुणाला त्याच संध्याकाळी गाडीत बसवले.

मी पुण्याच्या प्रयोगशाळेत जाऊन आले. त्यांनी माझ्या पोटातला थर खरवडून तपासला, थोडे दाणे काढून घेतले आणि मला पुन्हा बांधले. अहवालात आले की पातेल्यात विष सापडले, कासंडीत सापडले नाही. तुम्ही म्हणाल, मग चांगुणा सुटलीच. पण तसे झाले नाही. सरकारी वकिलांचे म्हणणे सरळ होते. कासंडी घासलेली होती, मयताच्या मुलीनेच सांगितले आहे. घासलेल्या भांड्यात विष कसे सापडेल? चीक आरोपीचा, भांडे आरोपीचे, वैर दोन वर्षांचे. सगळे एकमेकांत नीट बसत होते.

चांगुणाचे वकील अलीमसाहेब नगरचे. मऊ बोलणारे, जाड चष्म्याचे. त्यांनी जेलात जाऊन तिला विचारले होते की तुमच्या पुतणीने कासंडी घासलेली सांगितली, हे खरे का? चांगुणा म्हणाली, "तिनं आईची लाज राखली. तिला काय इचारू नगा." वकिलांना त्याचा अर्थ लागला नाही. हे त्यांनीच पुढे कोर्टात सांगितले.

सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा बहात्तर साल लागले होते. पहिल्या दिवशी शिपायाने आमची पेटी व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला चांगुणाला बसवले होते, शेजारी बाई पोलीस. मुक्ता बापाबरोबर आली. गोरक्ष फिर्यादी होता. जिन्यावर थांबून त्याने तिला हळू आवाजात समजावले, "हाय तसंच सांग. मेलेल्या आईचं नाव खराब करू नगं." आणि तो पाणी प्यायला गेला.

मुक्ता बाकापाशी आली. वर्षभरात दोघी प्रथमच समोरासमोर आल्या होत्या. चांगुणा खूप वाळली होती. तिने स्वतःबद्दल एक अक्षर काढले नाही.

"मुक्ते, एक इचारू?"

"इचार, थोरल्या आई."

"तुझ्या आईनं दाणं घातलं हुतं का गं कासंडीत?"

मुक्ता म्हणाली, "दोन मुठी. आन् गूळ."

चांगुणाने डोळे मिटले. "मंग बास," ती म्हणाली. "मला एवढंच पायजे हुतं."

मुक्ता उभी राहिली ती उभीच. मी कापडात बांधलेली होते, तरी तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटते, तेव्हाच तिने पुढचे सगळे पाहिले असावे. कासंडी न धुतलेली होती आणि तिच्यात विष नव्हते, तर चीक चांगला होता. चीक चांगला होता, तर विष घरात पडले, आणि चांगुणा तर ओट्यावरूनच परतली होती. आणि त्या घरात खरवस न खाल्लेला माणूस एकच होता. तो आता नळावर पाणी पीत होता.

मुक्ताचा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी तिचा जुना जबाब वाचून दाखवला आणि विचारले, बरोबर आहे ना? "ते मी सांगितलं हुतं," मुक्ता म्हणाली, "पन खरं न्हाई."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशसाहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"म्हणजे काय?"

"कासंडी घासलेली न्हवती. चिकाची तशीच हुती. आई गेली हुती, सायेब. तिच्या घरात खरकटं भांडं हुतं, असं पोलिसाला सांगायला माझी जीभ उचलली न्हाई."

सरकारी वकील म्हणाले, दोन वेळांपैकी एकदा तरी तुम्ही खोटे बोललात. ती म्हणाली, "व्हय. तवा."

न्यायाधीशांनी शिक्का फोडायला सांगितला. मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरले. माझ्या मानेखालच्या वळणात प्रयोगशाळेची सुरी पोचली नव्हती. तिथे चिकाचा पिवळा पापुद्रा होता आणि त्यात सात-आठ दाणे रुतून बसले होते. साहेबांनी बोट घालून पाहिले. दाणे सुटेनात. नंतर त्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल पुन्हा मागवला. दुधाच्या थराची नोंद त्यात होती, दुसऱ्या पानावर. कोणी तिथवर वाचले नव्हते.

अलीमसाहेबांनी पुढे गावच्या बनुबाईला साक्षीला बोलावले. सत्तरीची बाई, त्या दिवशी ओट्यावर मान हलवणाऱ्यांतली. तिने रीत सांगितली. सरकारी वकिलांनी विचारले, असे कुठे लिहिले आहे?

"म्हशीला वाचता येत न्हाई, सायेब," बनुबाई म्हणाली.

न्यायाधीशसुद्धा हसले. मग त्यांनीच विचारले की आजीबाई, हे त्या दिवशी का नाही सांगितलेत? बनुबाईचा चेहरा उतरला. "पोरीनं आईसाठी झाकलं. आमी कशाला उघडावं? चांगुणाच्या गळ्याला लागंल असं कुनाला वाटलं?"

पण त्या आधीचे एक सांगायचे राहिले. साक्ष देऊन मुक्ता व्हरांड्यात आली, तेव्हा शिपाई आमची पेटी घेऊन तिच्या मागेच होता. गोरक्ष खांबाला टेकून उभा होता. तो तिच्यावर ओरडला नाही. तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती त्या घरचं खात न्हवती, मुक्ते. दोन वर्सं खाल्लं न्हवतं."

मुक्ताने पदर तोंडावर धरला आणि बाकावर बसली, चांगुणा बसली होती त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष स्वतः पोलिसांकडे गेला. कडब्याच्या गंजीतून बाटली त्यानेच काढून दिली. चांगुणा सुटली. गोरक्षच्या खटल्यात मी पुन्हा टेबलावर होते आणि मुक्ता पुन्हा पिंजऱ्यात. तिने कासंडीचे सांगितले आणि खांबापाशी ऐकलेलेही सांगितले, आवाज न चढवता. त्याला फाशी झाली. मुंबईच्या हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी मुद्देमालाच्या खोलीत होते. एका बाजूला गंजलेली कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी सायकल. मला कोणी घासत नव्हते. मी काळी पडले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. घासलेल्या भांड्याला काय काय किंमत पडते, ते मी पाहिले होते.

मुक्ताचे मात्र सगळे गेले. आई, भाऊ, आजी गेली होतीच. आता बापही गेला, तो तिच्या तोंडच्या शब्दांनी. माहेरच्या घराला कुलूप लागले. गावात काही जण म्हणाले की पोरगी खरी निघाली, पण काही जण असेही म्हणाले की हिने बाप घालवला. सासरीही दोन-तीन महिने कोणी नीट बोलत नव्हते. परत मिळाल्यावर मी हे सारे तिच्याच तोंडून ऐकले.

कोर्टातून मला सोडवायला चांगुणा आणि मुक्ता दोघी आल्या होत्या. कारकून म्हणाला, जुनेच आहे, मोडीत घालून टाका. एसटीत चांगुणाने मला मांडीवर घेतले. श्रीरामपूर आले, मुक्ता उतरायला उठली, तेव्हा चांगुणाने तिचा हात धरला.

"दिवाळीला कुटं जाशील?"

मुक्ता म्हणाली, "कुटं जानार, थोरल्या आई?"

"मंग बस खाली. घर हाय."

मुक्ता बसली. एसटी बेलापूरकडे निघाली.

आता दर दिवाळीला ती इथे येते, मुलांना घेऊन. वर्षातून एकदा ती बापाला भेटायला जेलातही जाते. त्या दिवशी चांगुणा तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत जाते आणि तिथून परत फिरते. संध्याकाळी मुक्ता येते, ओट्यावर बसते. चांगुणा तिला पाणी देते, काही विचारत नाही. एकदा मुक्ताच म्हणाली, "आबानं आज आईचं नाव घेतलं." चांगुणा म्हणाली, "घेऊ दे."

मुक्ताची मुले आजीविषयी विचारतात. मुक्ता सांगते की तुमची आजी रागीट होती, दोन वर्षे जावेशी बोलली नाही, अंगणात उभी राहून भांडायची, आणि एक दिवस तिने हात पुढे करून कासंडी घेतली. मुलांना आजी आवडते.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की त्याच्याविषयी चांगलेच सांगावेसे वाटते. त्यात लबाडी नसते, माया असते. पण त्या मायेने कोणी दुसरे अडकत नाही ना, एवढे बघा. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आपल्या माणसांची आठवण जपा, पण ती घासूनपुसून ठेवू नका. आणि कोणी परका माणूस कागद-टाक घेऊन विचारायला आला, तर थोडी लाज वाटली तरी चालेल, जे पाहिले तेच सांगा. मुक्ताला ते सांगायला एक वर्ष लागले. ते वर्ष चांगुणाने जेलात काढले, आणि मुक्ताने तिच्याकडे त्याची माफी मागितली, तेव्हा चांगुणा म्हैस पिळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "जरा सरक, उजेड येऊ दे."

मुक्ता सरकली आणि तिथेच बसून राहिली.